चाचे, सरखेल आणि घेरियाचा खजिना

मी आदिलाबाद जिल्ह्यातली. आमच्या गावाजवळचे मोठे पाणी म्हणजे पैनगंगा, आणि तीही उन्हाळ्यात काही ठिकाणी पायी ओलांडता येते. समुद्र मी अद्याप पाहिलेला नाही. अशा मुलीने चाच्यांवर आणि आरमारावर लेख लिहावा, हे वाचकांना जरा चमत्कारिक वाटेल. पण निमित्त झाले ते एका जुन्या इंग्रजी चित्रपटाचे, आणि दुसरे निमित्त वाणिज्य शाखेला शिकवल्या जाणाऱ्या भागीदारीच्या प्रकरणाचे. ही दोन्ही एकाच आठवड्यात माझ्यापुढे आली नसती, तर हा लेख लिहिला गेला नसता.

गेल्या सत्रपरीक्षेनंतर वसतिगृहातील एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर आम्ही चौघींनी ‘द सी हॉक’ पाहिला. सी हॉक म्हणजे समुद्री ससाणा. १९४० सालचा हा कृष्णधवल चित्रपट वॉर्नर ब्रदर्सने काढला. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ, नायक एरॉल फ्लिन. तलवारबाजी, दोरांना लोंबकळून एका जहाजावरून दुसऱ्यावर उड्या, तोफांचा धूर, राजदरबार, थोडे प्रेम, सारे काही त्यात आहे. ती प्रचंड जहाजे स्टुडिओतल्या पाण्यात तरंगत होती हे नंतर कळले, पण पाहताना त्याची आठवणही होत नाही.

कथा थोडक्यात सांगते. इंग्लंडची राणी एलिझाबेथ गादीवर आहे आणि स्पेनशी उघड युद्ध नाही. तरीही जेफ्री थॉर्प हा इंग्रज कप्तान स्पेनची जहाजे लुटतो. राणी दरबारात त्याला सर्वांसमक्ष रागावते आणि एकांतात त्याची पुढची योजना ऐकून घेते. ती योजना अशी, की पनामाच्या जंगलातून स्पेनचे सोने खेचरांवर लादून किनाऱ्याकडे जाते ते वाटेतच गाठायचे. पण राणीचाच एक मंत्री, लॉर्ड वुल्फिंगहॅम, स्पेनला फितूर असतो. एका नकाशे काढणाऱ्याच्या दुकानातून बातमी फुटते. थॉर्प सापळ्यात सापडतो आणि वल्ही मारणारा गुलाम होतो. पुढे तो निसटतो, स्पेनच्या स्वारीची कागदपत्रे घेऊन लंडन गाठतो, फितुराशी तलवारीने लढून त्याला ठार करतो, आणि शेवटी राणी त्याला ‘सर’ ही पदवी देते. टाळ्या!

आम्हीही टाळ्या वाजवल्या. मग एकीने दुसऱ्या चित्रपटाची आठवण काढली. २००७ सालच्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन: ॲट वर्ल्ड्स एंड’मध्ये जगभरच्या नऊ चाचे-सरदारांची सभा भरते आणि त्या सभेत ‘श्री संभाजी’ नावाचे एक भारतीय पात्र बसलेले आहे. हे नाव आले आहे आंग्रे घराण्यातून. कान्होजी आंग्रे यांच्या संभाजी नावाच्या मुलाने खरोखरच कोकणच्या किनाऱ्यावर सत्ता गाजवली होती. मैत्रीण हसत म्हणाली, “बघ, तुमचा माणूसही चाच्यांत आहे.” ती थट्टा होती, पण मला रात्री झोप लागली नाही. खजिना लुटणाऱ्या इंग्रजाला सिनेमात पदवी मिळते, आणि आपला सरखेल मात्र चाच्यांच्या पंगतीला बसवला जातो. हा भेद कोणी ठरवला?

दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारले. सर वाणिज्य शिकवतात, इतिहास नव्हे. ते म्हणाले, “परवाना बघ. धंदा एकच असतो. ज्याच्याकडे परवाना तो व्यापारी, ज्याच्याकडे नाही तो तस्कर. आता परवाना देणारा कोण, ते शोध.” पुढे जे लिहिले आहे ते या एका वाक्यामागे जाऊन मला जे वाचायला मिळाले त्यातले आहे.

प्रथम इंग्रजांकडे पाहू. चित्रपटातील थॉर्प काल्पनिक आहे, पण त्याच्यात फ्रान्सिस ड्रेक स्पष्ट दिसतो. ड्रेकने १५७३ मध्ये पनामात स्पेनचा खेचरांचा तांडा खरोखरच लुटला होता. १५८१ मध्ये राणी एलिझाबेथने त्याच्याच जहाजावर त्याला ‘सर’ केले. स्पेनच्या दप्तरात तो चाचा, इंग्लंडच्या दप्तरात वीर. चित्रपटात थॉर्प स्पेनच्या जहाजावरील वल्हेकरी गुलामांच्या बेड्या तोडतो, तो प्रसंग फार परिणामकारक आहे. परंतु तरुण ड्रेक स्वतः हॉकिन्सबरोबर आफ्रिकेतील माणसे पकडून विकणाऱ्या सफरीवर गेला होता, हे चित्रपट सांगत नाही. १९४० साली इंग्लंड जर्मनीशी लढत होते, तेव्हा चित्रपटाला वीर हवा होता. असो.

आता आपल्या समुद्राकडे वळू. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रावर परवाने सुरू केले. त्यांना ते ‘कार्ताझ’ म्हणत. कालपर्यंत ज्या पाण्यावरून गुजरातचा, मलबारचा, अरबस्तानचा व्यापारी मोकळेपणाने जात होता, तेथे आता लिस्बनच्या राजाच्या नावाचा कागद विकत घ्यावा लागे. कागद नसेल तर जहाज जप्त. आपल्या गावच्या रस्त्यावर परक्याने येऊन नाका बसवावा, तसाच हा प्रकार होय. शंभर-दीडशे वर्षे हे चालल्यावर त्याला कायद्याचे रूप आले, आणि पुढे इंग्रजही आपले परवाने देऊ लागले.

कान्होजींनी हेच केले. त्यांच्या परवान्याला ‘दस्तक’ म्हणत. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांच्या पक्षात आले. सरखेल हे पद त्यांच्याकडे कायम झाले आणि किनाऱ्यावरील किल्ले त्यांच्या ताब्यात राहिले. सरखेल म्हणजे आरमाराचा प्रमुख अधिकारी. त्यामुळे कोकणच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाने आंग्र्यांचे दस्तक घ्यावे, ही मागणी एका राज्याचा अधिकारी करीत होता. इंग्रजांना नेमके हेच मान्य नव्हते. त्यांचे म्हणणे, आमच्या जहाजाला आणि आमचा परवाना घेतलेल्या जहाजालाही दस्तक लागू नाही. कान्होजींचे म्हणणे, तुमच्या निशाणाखाली दुसऱ्याच व्यापाऱ्यांचा माल जातो, तो का सोडावा? वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हा वाद ओळखीचा वाटेल. दुसऱ्याच्या नावाच्या बिलावर माल पाठवणे ही काही आजची युक्ती नव्हे!

वाद मिटला नाही म्हणून इंग्रजांनी तोफा काढल्या. १७१७ मध्ये विजयदुर्ग, १७१८ मध्ये खांदेरी, १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्ग, आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाबा. या चारही मोहिमा फसल्या. १७२४ मध्ये मुंबईचा गव्हर्नर विल्यम फिप्स आणि कान्होजी यांच्यात पत्रव्यवहार झाला. त्यात कान्होजींनी दिलेले उत्तर मला फार आवडले. त्याचा आशय असा, की परक्याच्या वस्तूचा लोभ म्हणाल तर व्यापारीही त्यातून सुटलेले नाहीत, जगाची रीतच अशी आहे. स्वतः साधू असल्याचा आव ते आणत नाहीत. समोरच्याने आणलेला आव मात्र उतरवून ठेवतात.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. माझे आजोळ बीदर जिल्ह्यातले, आणि आईची भाषा कन्नड. या लेखाचा कच्चा खर्डा मी कन्नड विभागातील एका मैत्रिणीला वाचून दाखवला. ती म्हणाली, “बसरूरचे काय?” १६६५ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांचे आरमार दक्षिणेकडे गेले आणि त्याने कर्नाटकच्या किनाऱ्यावरील बसरूर हे संपन्न बंदर लुटले. मराठी पुस्तकांत ही आपल्या आरमाराची पहिली मोठी सफर म्हणून अभिमानाने सांगितली जाते. पण बसरूरच्या पेढीवर बसलेल्या व्यापाऱ्याला त्या सकाळी काय वाटले असेल? त्याच्या कीर्दीत ती रक्कम कोणत्या खात्यावर पडली असेल? राज्य म्हणून युद्धात केलेली लूट आणि पोटासाठी केलेली चोरी यांत फरक आहे, असे माझे मत कायम आहे. पण हा फरक लुटणाऱ्याला जितका स्पष्ट दिसतो तितका लुटल्या गेलेल्याला दिसत नाही, हे तिने मला कबूल करायला लावले.

कान्होजी १७२९ मध्ये वारले. त्यांना सहा मुलगे: सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी आणि धोंडजी. १७३३ मध्ये सेखोजी गेल्यावर भावाभावांत फूट पडली. अखेर १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मध्यस्थी करून वाटणी केली. मानाजीकडे कुलाबा, संभाजीकडे दक्षिणेचा भाग आणि सरखेलपद. संभाजी वारल्यावर ते तुळाजीकडे आले. तुळाजी शूर होता यात शंका नाही. १७४५ मध्ये त्याने सिद्दीकडून अंजनवेल घेतले. १७४९ मध्ये इंग्रज कंपनीचे ‘रेस्टोरेशन’ हे जहाज त्याने पकडले. १७५४ मध्ये तीन डच जहाजांशी लढून त्यांचा धुव्वा उडवला. परंतु तो पेशव्यांना जुमानीत नसे. मी छत्रपतींचा सरखेल, पेशव्यांचा चाकर नव्हे, ही त्याची भूमिका होती. १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज वारले आणि सत्ता पुण्यात एकवटली. मग हे म्हणणे ऐकून घेणारे कोणी उरले नाही. सख्खा भाऊ मानाजी पेशव्यांच्या बाजूला होता.

हा भाग वाचताना माझे लक्ष वारंवार पुस्तकातून उडून घरी जात होते. आजोबा गेल्यावर बाबा आणि काका विहिरीच्या पाळीवरून बोलेनासे झाले. पाणी अर्धे-अर्धे ठरले होते, पण रात्रीची वीज कोणाच्या वाट्याची हे ठरले नव्हते. आधी दोघांचा कापूस एकाच गाडीतून जाई, भाव एकत्र ठरे. बोलणे थांबल्यावर व्यापाऱ्याने दोघांना वेगवेगळे गाठले. काकांना सांगितले, तुमच्या भावाने या दराने दिला. बाबांना सांगितले, तुमचा भाऊ याच्यापेक्षा कमीत तयार आहे. दोघांनीही एकमेकांना विचारले नाही. त्या वर्षी दोघांचाही कापूस पडत्या भावात गेला, आणि माझ्या धाकट्या बहिणीचे शहरात शिकायला जाणे एक वर्ष लांबले. म्हणून कोणी तुळाजी आणि मानाजी यांच्या भांडणाला ‘राजकारण’ म्हटले की मला ते विहिरीच्या पाळीएवढेच दिसते.

आता मुख्य विषयाकडे येते, म्हणजे कराराकडे. १९ मार्च १७५५ रोजी मुंबईकर इंग्रज आणि नानासाहेब पेशवे यांच्यात तुळाजीविरुद्ध करार झाला. पेशव्यांच्या वतीने कोकणचे सुभेदार रामाजी महादेव बोलणी करीत होते. मुख्य अटी अशा: समुद्रावरची मोहीम इंग्रजांच्या हुकमतीखाली चालावी, तुळाजीची जी जहाजे हाती लागतील ती दोघांत वाटून घ्यावी, तोफा आणि किल्ल्यांतील सामान पेशव्यांचे, आणि इंग्रजांना मोबदला म्हणून बाणकोट व पाच गावे. भागीदारीपत्र म्हणून पाहिले तर हा कागद बऱ्यापैकी स्पष्ट आहे. कोणाचे भांडवल काय, कोणाचे श्रम काय, कोणाला काय मिळणार, हे सारे त्यात आहे.

तीनच दिवसांनी कमोडोर विल्यम जेम्स मुंबईहून निघाला आणि एप्रिलच्या आरंभी हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग पडला. किल्ल्यातील दारूकोठाराने पेट घेतला आणि फार दिवस लागले नाहीत. येथपर्यंत करार पाळला गेला.

मग पावसाळा गेला, आणि मुंबईत दोन नवी माणसे आली. ॲडमिरल चार्ल्स वॉटसन राजाचे आरमार घेऊन आला आणि लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट क्लाइव्ह फौज घेऊन. विजयदुर्ग अजून तुळाजीकडे होता. इंग्रज त्याला घेरिया म्हणत. वाघोटन नदीच्या मुखाशी उभा असलेला हा किल्ला अजिंक्य समजला जाई, आणि आंग्र्यांनी दोन पिढ्यांत जमवलेली सारी संपत्ती तेथे आहे अशी वदंता होती. येथून पुढची हकीकत वॉटसनच्या आरमारातील शल्यवैद्य एडवर्ड आइव्ज याने नंतर लिहून ठेवली, म्हणजे ती इंग्रजांच्याच तोंडची आहे.

मोहिमेवर निघण्यापूर्वी आरमाराचे आणि फौजेचे अधिकारी एकत्र बसले आणि त्यांनी अजून न मिळालेल्या खजिन्याची वाटणी ठरवली. एकूण लुटीच्या आठव्या हिश्शापैकी दोन तृतीयांश वॉटसनला, एक तृतीयांश त्याचा दुय्यम पोकॉक याला. क्लाइव्हला राजाच्या जहाजावरील कप्तानाइतका वाटा. त्यावर फौजेचे अधिकारी रुसले. त्यांचे म्हणणे, आमच्या सेनापतीला पोकॉकइतके मिळाले पाहिजे. आरमारवाले ऐकेनात. तेव्हा वॉटसन म्हणाला, कमी पडेल ते मी माझ्या वाट्यातून भरून देईन. पुढे त्याने खरोखरच क्लाइव्हकडे एक हजार पौंड पाठवले आणि क्लाइव्हने ते नम्रपणे नाकारले. आपसांत केवढा हा सभ्यपणा! पण ज्यांच्याशी लेखी करार झाला होता त्या पेशव्यांचा या वाटणीच्या तक्त्यात रकानाच नव्हता.

फेब्रुवारी १७५६ मध्ये आरमार विजयदुर्गापुढे आले. जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज आधीच पोहोचली होती. तुळाजी स्वतः किल्ल्यातून बाहेर पडून मराठ्यांच्या छावणीत दाखल झाला होता आणि बोलणी चालू होती. किल्ला लढाईशिवाय मराठ्यांच्या हाती आला तर खजिनाही त्यांच्याकडे जाणार, हे इंग्रजांनी ओळखले. १२ फेब्रुवारीला त्यांनी तोफा सुरू केल्या. एक गोळा ‘रेस्टोरेशन’वर पडला. होय, तेच जहाज, जे तुळाजीने सात वर्षांपूर्वी इंग्रजांकडून घेतले होते. ते पेटले आणि त्याची आग शेजारी नांगरलेल्या गुराबा व गलबतांना लागून आंग्र्यांचे बहुतेक सारे आरमार जळून गेले. त्याच रात्री क्लाइव्हने फौज किनाऱ्यावर उतरवली आणि किल्ला व मराठ्यांची छावणी यांच्या मधोमध आणून ठेवली. शत्रू किल्ल्यात होता, पण वाट अडवली ती भागीदाराची. १३ तारखेला किल्ला इंग्रजांच्या ताब्यात आला. मेलेले आणि जखमी मिळून त्यांची माणसे विसाच्या आसपास होती.

किल्ल्यात काय मिळाले? आइव्जच्या हिशेबाने सुमारे एक लाख पौंड किमतीचे चांदीचे रुपये, आणखी तीस हजार पौंडांच्या मौल्यवान वस्तू, आणि दोनशेवर तोफा. गणिताची सवय म्हणून मी फक्त रोकड धरून आकडे मांडून पाहिले. एक लाखाचा आठवा हिस्सा १२,५०० पौंड. त्यातले सुमारे ८,३३३ वॉटसनचे आणि ४,१६७ पोकॉकचे. उरलेले कप्तान, अधिकारी, खलाशी आणि शिपाई यांच्यात दर्जाप्रमाणे. पेशव्यांच्या नावापुढे शून्य.

करारात जी जहाजे अर्धी-अर्धी वाटून घ्यायची होती ती जळाली, आणि जे त्यांनी परस्पर वाटून घ्यायचे नव्हते ते मात्र वाटले गेले. किल्लाही लगेच परत मिळाला नाही. इंग्रजांना आता बाणकोटऐवजी विजयदुर्गच हवासा वाटू लागला. पुण्याहून तक्रारी गेल्या, उत्तरे आली, महिने गेले. शेवटी ऑक्टोबर १७५६ मध्ये पुण्यात नवा तह झाला. विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला, बाणकोट आणि पाचाऐवजी दहा गावे इंग्रजांना मिळाली, आणि डचांना मराठ्यांच्या मुलखात व्यापार करू देऊ नये असे ठरले. खजिना परत आला नाही. म्हणजे करार मोडणाऱ्याला दंड तर झाला नाहीच, उलट नव्या करारात त्याची गावे दुप्पट झाली! परीक्षेत असे उदाहरण आले असते तर मी प्रश्नच चुकीचा छापला आहे असे समजले असते.

१९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याच्या नवव्या कलमात भागीदारांनी परस्परांशी न्यायाने व विश्वासाने वागावे आणि खरा हिशेब द्यावा, असे बंधन घातलेले आहे. मी ते कलम घेऊन पुन्हा सरांकडे गेले. सरांनी दोन गोष्टी दाखवून दिल्या. एक, राज्याराज्यांतील तह म्हणजे भागीदारीपत्र नव्हे, तेथे कलम लावायला न्यायालयच नसते. दुसरी मला अधिक लागली. ते म्हणाले, “तुझे पेशवे तरी न्यायाने वागत होते का? तुळाजीशी गुपचूप बोलणी कोण करीत होते?” हे खरे आहे. किल्ला परस्पर मिळाला असता तर पेशव्यांच्या लोकांनी इंग्रजांना बोलावून हिशेब दाखवला असता, असे मानायला मला तरी आधार सापडत नाही. दोन्ही भागीदार एकमेकांना फसवण्याच्या तयारीत होते. ज्याची फौज रात्री उतरली त्याचे साधले.

पण पेशव्यांची याहून मोठी चूक, माझ्या मते, खजिना गमावण्याची नव्हे. आपल्याच राज्याच्या सरखेलाला वठणीवर आणण्यासाठी त्यांनी परक्याचे आरमार बोलावले. तुळाजी उद्दाम होता, त्याने लूटमार केली, हे मान्य. तरी ती जहाजे मराठी राज्याचीच होती. इंग्रज चाळीस वर्षे ती बुडवू पाहत होते, ते या वेळी मराठ्यांच्या निमंत्रणाने बुडवून गेले. ‘त्या दिवशी मराठ्यांचे आरमार संपले’ असे विधान मात्र पुष्कळ ठिकाणी आढळते, ते मला अतिशयोक्तीचे वाटते. विजयदुर्गावर पेशव्यांनी पुन्हा आरमार उभे केले आणि १७८३ मध्ये आनंदराव धुळप यांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ हे जहाज पकडले. आरमार राहिले, पण समुद्रावर परवाना देण्याचा अधिकार राहिला नाही.

तुळाजी पेशव्यांच्या कैदेत पडला आणि कैदेतच वारला. त्याची आई, बायका आणि मुले मात्र किल्ल्यात सापडली होती. आइव्ज सांगतो की वॉटसन त्यांना भेटायला गेला तेव्हा घरातील वडीलधाऱ्या स्त्रीने आता आमचा त्राता कोणी उरला नाही असे सांगितले. वॉटसनने मीच तुमचा रक्षक असे म्हणताच सहा वर्षांच्या एका मुलाने त्याचा हात धरून त्याला बाप म्हटले, आणि ॲडमिरलच्या डोळ्यांत पाणी आले. हे खोटे असेल असे मला वाटत नाही. माणूस रडतोही आणि आठव्या हिश्शाचे दोन तृतीयांश घेतोही. चित्रपटात असा प्रसंग असता तर दिग्दर्शकाने दोन्हींपैकी एकच ठेवला असता.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. विजयदुर्गानंतर हेच वॉटसन आणि क्लाइव्ह बंगालकडे गेले आणि १७५७ च्या जूनमध्ये प्लासी झाली. वॉटसन त्याच वर्षी कलकत्त्यात वारला. विल्यम जेम्स संपन्न होऊन इंग्लंडला परतला. तो वारल्यावर त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये लंडनजवळच्या एका टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ त्रिकोणी मनोरा बांधला. त्याचे नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’, म्हणजे आपला सुवर्णदुर्ग. तो आजही उभा आहे. इकडे मुंबईत नौदलाच्या तळाला ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव आहे. एका बाजूला चाचा जिंकल्याचे स्मारक आणि दुसऱ्या बाजूला त्याच घराण्याचे नाव सरकारी पाटीवर!

पुस्तकांचेही तसेच आहे. १९०७ मध्ये जॉन बिडल्फ या इंग्रज लेखकाने जे पुस्तक लिहिले त्याच्या नावातच मलबारचे चाचे आहेत, आणि आंग्रे त्यात ठळकपणे येतात. १९५९ मध्ये मनोहर माळगावकरांनी कान्होजींचे इंग्रजी चरित्र लिहिले. ते पुढे ‘द सी हॉक’ या नावानेही निघाले. माळगावकर मराठी माणूस, राहायला उत्तर कन्नड जिल्ह्यात जगलबेटला, आणि लेखन इंग्रजीत. आपल्या या दोन विभागांच्या अंकाला शोभणारा लेखक! एरॉल फ्लिनच्या चित्रपटाचे नाव त्यांच्या पुस्तकाला मिळाले, हा योगायोग मला चित्रपट पाहून झाल्यावर कळला आणि फार समाधान वाटले.

चित्रपट पुन्हा पाहिला तेव्हा वुल्फिंगहॅम मला फारच सोपा वाटला. एक काळ्या मनाचा मंत्री, त्याला मारले की फितुरी संपली. विजयदुर्गाच्या कथेत असा एक माणूस सापडत नाही. रामाजी महादेव आपल्या धन्याचे काम करीत होते, मानाजी आपला कुलाबा सांभाळत होता, वॉटसन आपल्या खलाशांना खूश ठेवत होता. प्रत्येकाचा हिशेब स्वतःपुरता जुळत होता. सुट्टीत घरी गेल्यावर मी ही गोष्ट बाबांना सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, “तो भाऊ, कुलाब्याचा, त्याला काय मिळाले?” मी म्हणाले, कुलाबा राहिला. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी काकांच्या ओट्यावर त्यांची चप्पल दिसली, पण काय बोलणे झाले ते मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

ता. क. या लेखाचा कन्नड अनुवाद आपल्या कन्नड विभागासाठी वर सांगितलेली मैत्रीणच करीत आहे. ‘चाचा’ या शब्दाला तिने ‘कडलगळ्ळ’ हा शब्द घातला. कडलु म्हणजे समुद्र आणि कळ्ळ म्हणजे चोर. मी म्हटले, तुळाजीच्या ठिकाणी हा शब्द नको, सरखेल असाच ठेव. तिने खोडला. मग वॉटसनच्या ठिकाणी तोच शब्द घालू का, असे विचारले. मी घाल म्हटले. त्यावर ती म्हणाली, तर मग बसरूरच्या ठिकाणीही घालते. आमचा वाद अद्याप मिटलेला नाही. अंक छापखान्यात जाईपर्यंत कोणता शब्द कोठे राहिला ते कन्नड जाणणाऱ्या वाचकांनी पुढच्या पानांत पाहावे.